दहा दिवसांचं बाळ आणि डॉक्टर आनंदीबाई

मंडळी, आमच्या घरी जानेवारीत पाळणा हलणार आहे. तशी ही बातमी आता जुनी झाली. गणपतीत सौ.ने उकडीच्या मोदकाला नाही म्हटलं तेव्हाच मंडळातल्या चार काकूंनी एकमेकींकडे बघितलं होतं, आणि आरती संपून प्रसाद वाटेपर्यंत रुवीपासून सीबपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. तेव्हापासून आम्हाला फुकट सल्ल्यांची ददात नाही. एक काकू आळीव खा म्हणतात, दुसऱ्या आत्ता नको, नंतर खा म्हणतात. पपईवर मात्र सगळ्यांचं एकमत आहे.

मी पडलो कॉम्प्युटर इंजिनीअर. लोकांच्या कंपन्यांची जुनी सॉफ्टवेअर उचलून नव्या जागी बसवून देणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. त्यामुळे नवी सिस्टिम चालू करायच्या आधी ऑफिसात जे करतो तेच मी घरी सुरू केलं, म्हणजे एक्सेल शीट. हॉस्पिटलच्या बॅगेत काय काय असावं, अल खुवैरहून संध्याकाळच्या ट्रॅफिकमधून पोचायला किती मिनिटं लागतात, कळा पाच-पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या, अशा तासभर येत राहिल्या की निघायचं, पाणी गेलं तर कळांची वाट न बघता निघायचं आणि पाणी हिरवट दिसलं तर फोन करत करतच निघायचं. सासूबाईंच्या व्हिसाची एक ओळ आहे, डिंकाच्या लाडवांची एक आहे, जन्मानंतर वर्षाच्या आत भारतीय दूतावासात नोंदणी करायची एक आहे. रजेचीसुद्धा आहे. ओमानच्या २०२३ च्या नव्या कायद्यांनी आईला ९८ दिवसांची आणि बापाला ७ दिवसांची भरपगारी रजा दिली आहे. सात दिवसांत बाप नेमकं काय करतो, असं आमचे तीर्थरूप फोनवर विचारत होते. त्यांच्या वेळी बाप हॉस्पिटलच्या बाहेर बाकावर बसत असत आणि पेढे आणत असत.

बाळंतपणाच्या तयारीच्या वर्गाला आम्ही दोघंही जातो. शिकवणारी सिस्टर केरळची, बोलायला गोड आणि शिस्तीला कडक. कळा, श्वास, बसायच्या-वाकायच्या पद्धती, वेदना कमी करायचे उपाय हे सगळं झाल्यावर तिने एक पूर्ण तास फक्त पहिल्या दहा दिवसांवर घेतला. बाळ दूध नीट ओढतंय का, दिवसाला किती लंगोट ओले होतात, कावीळ चेहऱ्यावरून पोटापर्यंत उतरली का, नाळेच्या देठाला वास येतो का, अंग गरम किंवा उलट गार लागतंय का. यातलं काहीही वेगळं वाटलं तर थांबायचं नाही, यायचं. मी टिपून घेत होतो आणि ‘दहा दिवस’ या शब्दापाशी पेन अडलं.

मी मूळचा कल्याणचा. आमच्या गावच्या एका मुलीचं बाळ दहाच दिवस जगलं होतं. शाळेत तिच्यावर आम्हाला एक परिच्छेद होता. परदेशी जाऊन डॉक्टर झालेली पहिली हिंदू स्त्री, अमुक साली गेली, अमुक साली वारली. मूल गेल्याचा उल्लेख त्यात अर्ध्या वाक्यात होता आणि परीक्षेत तो कधीच विचारला जात नसे. यंदा मला त्या परिच्छेदातलं ते अर्धं वाक्यच दिसत राहिलं, म्हणून हा लेख.

आनंदीबाई जोशी यांचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचं नाव यमुना, वडील गणपतराव जोशी. घर एके काळी जमीनजुमल्याचं, पण उतरती कळा लागलेलं. १८७४ साली, नवव्या वर्षी, यमुनाचं लग्न झालं. नवरा गोपाळराव जोशी, मूळचे संगमनेरचे, पोस्टात कारकून, बिजवर आणि वयाने जवळजवळ वीस वर्षांनी मोठे. गोपाळरावांची लग्नाला अट एकच होती, मुलीला मी शिकवणार. त्या काळी हुंड्यात काय काय मागत असत ते बघता ही अट सासरच्यांना स्वस्त वाटली असेल, नवऱ्यामुलाच्या डोक्यात काहीतरी खूळ आहे एवढंच. गोपाळरावांनी यमुनेची आनंदी केली आणि खरोखरच शिकवायला घेतलं.

(इथे एक सांगून टाकतो. नऊ-दहा वर्षांच्या मुलीला अहोजाहो करणं मला जमत नाही. ती डॉक्टर होईपर्यंत मी तिला आनंदी म्हणणार, पुढे आनंदीबाई.)

पोस्टातली नोकरी म्हणजे बदल्या. कल्याण, अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर. आपण आखातात राहणारी मंडळी स्वतःला फिरस्ते समजतो, पण आनंदीने सोळा-सतरा वर्षांच्या आत जेवढी गावं बदलली तेवढी आपल्यापैकी थोड्यांनी बदलली असतील, आणि तेही नवरा-बायकोने रस्त्याने बरोबर चाललं तरी लोक हसायला जमत असत अशा दिवसांत. मुंबईत ती मिशनच्या शाळेत जायची तेव्हा बघे हिणवायचे. कलकत्त्यालाही वेगळं नव्हतं.

चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला. वेळेवर वैद्यकीय मदत मिळाली नाही आणि तो दहाव्या दिवशी गेला.

चौदाव्या वर्षीचं बाळंतपण म्हणजे काय, हे मला आता कळतं. कमरेची हाडं त्या वयात पुरती वाढलेली नसतात, त्यामुळे बाळ अडण्याची भीती जास्त. कमी वयाच्या आयांना झटके येण्याचा आणि बाळंतपणानंतर गर्भाशयाला जंतुसंसर्ग होण्याचा धोका विशीतल्या बायकांपेक्षा जास्त असतो, आणि बाळं कमी दिवसांची, कमी वजनाची होतात. हे आज जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा हे सांगणारं कुणी नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी ऐकणारं कुणी नव्हतं. संमतीवयाचा कायदा झाला तो १८९१ साली. त्याने वय दहाचं बारा केलं, आणि तेवढ्यावरून सुद्धा पुण्यात रान उठलं.

बाळंतिणीची खोली म्हणजे घरातली सगळ्यात अंधारी खोली. वारा लागू नये म्हणून खिडकी बंद, शेगडीचा धूर, जुनेर, आणि विटाळाच्या भीतीने घरातली माणसं दूर. सोबतीला सुईण. कित्येक सुईणी अनुभवाने तयार झालेल्या, हाताला यश असलेल्या बायका होत्या, त्यांना नावं ठेवायची माझी इच्छा नाही. पण हात धुणे, नाळ कापायचं हत्यार उकळून घेणे ही कल्पनाच तेव्हा कुणाला नव्हती. जगातल्या मोठमोठ्या डॉक्टरांनाही नव्हती! व्हिएन्नाच्या प्रसूती रुग्णालयात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने १८४७ साली विद्यार्थ्यांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि बाळंतरोगाने मरणाऱ्या आयांचं प्रमाण झपाट्याने खाली आणलं. डॉक्टरांचेच हात बाळंतिणींना मारतात, हे त्याचं म्हणणं डॉक्टरांना सहन झालं नाही. तो ऑगस्ट १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात मेला. त्याच महिन्यात तिकडे ग्लासगोत लिस्टरने कार्बोलिक ॲसिडने जखम स्वच्छ करायचा पहिला प्रयोग केला. आमच्या कल्याणची यमुना तेव्हा पाच महिन्यांचीही झालेली नव्हती. आमच्या धंद्यात बिघाडाचं मूळ कारण शोधणं सोपं आणि ते साहेबाच्या गळी उतरवणं अवघड असतं, त्यामुळे या सेमेलवाइसबद्दल मला फार आपुलकी वाटते.

नाळ कापताना जंतू शिरून होणारा धनुर्वात तर हिंदुस्थानात विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बाळं नेत होता. जन्मल्यावर दोन-तीन दिवस दूध पिणारं बाळ आठवड्याच्या आत दूध ओढेनासं व्हायचं, जबडा घट्ट मिटायचा. गरोदर बाईला धनुर्वाताची लस आणि स्वच्छ पात्याने कापलेली नाळ एवढाच त्यावर उपाय. तो घरोघरी पोचायला किती वेळ लागला? भारतातून हा रोग हटल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं ते २०१५ साली. सौ.ला ती लस टोचली तेव्हा तिचा दंड दोन दिवस दुखत होता आणि दुखण्याबद्दलची सगळी तक्रार मला ऐकावी लागली.

आनंदीने आपल्या दुःखातून जो निष्कर्ष काढला तो असा, की बायकांना बायका डॉक्टर हव्यात. आज हे वाक्य साधं वाटतं. तेव्हा परपुरुषाकडून तपासून घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या बायका होत्या, आणि त्यांना ते मरण पत्करू देणारी घरं होती. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात १८७५ पासून थोड्या स्त्रियांना घेऊ लागले होते, पण मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजचं दार स्त्रियांना उघडलं ते १८८३ मध्ये. त्यात हिंदू घरातल्या, लग्न झालेल्या मुलीला, आपला आचार सांभाळून कुठे शिकता येणार?

गोपाळरावांनी कोल्हापुरात असताना वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं. हा गृहस्थ पूर्वी कोल्हापुरात राहून गेलेला. बायकोला अमेरिकेत शिकवायचं आहे, मला तिथे काही काम मिळेल का, अशी विचारणा. वाइल्डरने ख्रिस्ती व्हा म्हणजे बघू, अशा थाटाचं उत्तर दिलं आणि पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापून टाकला. तो अंक १८८० साली न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर या बाईंच्या हाती पडला. कुठे, तर दंतवैद्याकडे नंबर लागायची वाट बघताना. बाईंनी घरी जाऊन आनंदीला पत्र लिहिलं. धर्माबद्दल अट नाही, उपकाराची भाषा नाही. आनंदीचं उत्तर गेलं आणि दोघी समुद्राच्या दोन टोकांना बसून एकमेकींच्या सणांबद्दल, देवांबद्दल, बालविवाहाबद्दल आणि दुखण्यांबद्दल लिहू लागल्या. आनंदी त्यांना मावशी मानू लागली. तिची तब्येत तेव्हापासूनच नीट नसायची. डोकेदुखी, बारीक ताप, धाप. कार्पेंटरबाई अमेरिकेहून औषधं पाठवत असत. दंतवैद्याकडच्या टेबलावरची जुनी मासिकं मी तेव्हापासून आदराने चाळतो.

गोपाळरावांना रजा आणि पैसा दोन्ही मिळेना, तेव्हा त्यांनी बायकोला एकटीला पाठवायचं ठरवलं. कलकत्त्याजवळच्या श्रीरामपुरात लोकांनी गोंधळ घातला. मग २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात अठरा वर्षंही पूर्ण न झालेली ही मुलगी उभी राहिली आणि लोकांच्या एकेका प्रश्नाला क्रमाने उत्तर दिलं. अमेरिकाच का, इथे शिकायची सोय नाही का, एकटी का, जातीबाहेर टाकलं तर काय. सांगितलं ते थोडक्यात असं, की हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन, आणि इथल्या बायकांसाठी डॉक्टर होऊन येईन. त्या भाषणाचा बोलबाला झाला, देणग्या आल्या. व्हाइसरॉयनेही २०० रुपये दिले.

७ एप्रिल १८८३ ला ‘सिटी ऑफ कलकत्ता’ बोटीने ती मिशनरी बायकांच्या सोबतीने निघाली आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरली. ५८ दिवस. आपण मस्कत-मुंबई अडीच तासांत जातो आणि विमान अर्धा तास उशिरा सुटलं तर घरी फोन करून सांगतो. बंदरावर कार्पेंटरबाई न्यायला आल्या होत्या. तो उन्हाळा आनंदीने त्यांच्या घरी काढला. शरद ऋतूत फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियात ती दाखल झाली. डीन रेचल बॉडली यांनी तीन वर्षांसाठी ६०० डॉलरची शिष्यवृत्ती दिली.

आता फिलाडेल्फियाची थंडी. ज्यांनी आयुष्यात पहिला बर्फ एखाद्या ऑनसाइटवर बघितला त्यांना वेगळं सांगायला नको. ही मुलगी शाकाहारी, अंगावर लुगडं. पाय उघडे पडतात म्हणून तिने नऊवारी सोडून गुजराती पद्धतीची साडी धरली, पण साहेबी झगा नाही घातला. खोलीतली शेकोटी नीट पेटायची नाही, पेटली की धूर. स्वयंपाक स्वतःच करायचा, आणि वर शरीरशास्त्र, रसायनशास्त्र, औषधशास्त्र. आधीच कृश असलेलं शरीर आणखी खंगत गेलं.

प्रबंधाला तिने विषय घेतला आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. मला वाटतं, तिच्या वर्गात बसलेल्यांपैकी किती जणींनी बाळंतपण स्वतः सोसलं होतं आणि त्यातलं मूल गमावलं होतं, हा हिशोब केला तर तिच्या विषयाचं नवल वाटू नये. परदेशी परीक्षकांपुढे तिने आपल्या जुन्या ग्रंथांतलं ज्ञान मांडलं. त्यात जुन्याचा अभिमान थोडा जास्त आहे, असं आजच्या अभ्यासकांना वाटतं, आणि ते खरंही असेल. घरापासून दूर गेलं की हे होतंच. आपला दिवाळी अंक बघा! पण त्या ग्रंथांत खरोखर पाहण्यासारखं आहे. सुश्रुताने गर्भिणीचा आहार महिन्यामहिन्याने सांगितला आहे, बाळंतिणीसाठी वेगळी खोली सांगितली आहे, आणि बाळंतपणाला जवळ राहणाऱ्या चार बायका वयाने पोक्त, कामात हुशार आणि नखं कापलेल्या असाव्यात असं म्हटलं आहे. नखं कापलेल्या. जंतू कुणी पाहिले नव्हते तेव्हाची ही सूचना. मधल्या दीड-दोन हजार वर्षांत तिचं काय झालं आणि तिच्या जागी शेगडीचा धूर आणि विटाळ कसा उरला, हे मला कुणी नीट समजावून सांगितलं तर हवंय.

कॉलेजातला एक फोटो प्रसिद्ध आहे, १० ऑक्टोबर १८८५ चा. हिंदुस्थानची आनंदी, जपानची केई ओकामी आणि सीरियाची साबात इस्लांबूली, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. तिघीही पुढे डॉक्टर झाल्या. आमच्या वर्गातही परवा पुण्याची, मनिलाची आणि सलालाहची अशा तीन गरोदर बायका एका रांगेत बसून एकाच रबरी बाहुलीला लंगोट बांधत होत्या.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई एम.डी. झाल्या. एकविसावा वाढदिवस वीस दिवसांवर होता. पंडिता रमाबाई इंग्लंडहून या समारंभासाठी आल्या होत्या. गोपाळरावही तोवर पूर्वेकडून पॅसिफिक ओलांडून अमेरिकेत पोचले होते. व्हिक्टोरिया राणीपर्यंत बातमी गेली आणि तिने कौतुकाचा निरोप पाठवला. तिकडे कलकत्त्यात त्याच वर्षी कादंबिनी गांगुली डॉक्टर झाल्या. दोघींपैकी पहिली कोण यावर लोक वाद घालतात. मला त्यात रस नाही.

गोपाळरावांबद्दल मात्र मला थांबून बोलायचं आहे, कारण मी नवरा आहे आणि दोन महिन्यांत बाप होणार आहे. २०१९ चा ‘आनंदी गोपाळ’ सिनेमा बघून बाहेर पडताना माणसाला गोपाळराव आवडायला लागतात. श्री. ज. जोशींची त्याच नावाची कादंबरी वाचूनही थोडंफार तसंच होतं. पण आनंदीने अमेरिकेतून त्यांना लिहिलेल्या एका पत्रात आपल्या लहानपणाचा जमाखर्च मांडला आहे. दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी खाल्लेला मार, बाराव्या वर्षी अंगावर आलेल्या खुर्च्या आणि पुस्तकं, चौदाव्या वर्षी टाकून देण्याची धमकी. चौदावं वर्ष म्हणजे बाळ गेलं ते वर्ष. हे वागणं चांगलं होतं की वाईट याचा निवाडा करणं अवघड, असं ती म्हणते, आणि दोन्ही होतं असं उत्तर देते. तिने दिलेल्या उत्तराच्या पुढे जायचा अधिकार आपल्याला कितपत आहे? पण मी माझ्यापुरतं सांगतो. गोपाळराव नसते तर आनंदी डॉक्टर झाली नसती, हे शंभर टक्के खरं. आणि तरी चौदा वर्षांच्या मुलीला दिवस गेले यालाही तेच जबाबदार होते. सुधारक म्हणवणाऱ्या माणसाला शिकवायची घाई दिसली, वाढू द्यायची कळ काढता आली नाही. अमेरिकेत पोचल्यावरही त्यांनी तिथल्या लोकांवर तोंडसुख घेत व्याख्यानं दिली, आणि ज्यांच्या घरी बायको मुलीसारखी राहिली होती त्या माणसांना त्याचं वाईट वाटलं. त्यांच्याबद्दल मी लिहितोय ते सौ.ने वाचून बघितलं. तिचं मत माझ्यापेक्षा कडक आहे, ते छापत नाही.

पदवीनंतर आनंदीबाई बॉस्टनच्या न्यू इंग्लंड हॉस्पिटल फॉर विमेन अँड चिल्ड्रेनमध्ये उमेदवारीला गेल्या, पण तब्येतीने साथ दिली नाही. इकडे कोल्हापूर संस्थानाने त्यांना अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागाच्या प्रमुख डॉक्टर म्हणून नेमणूक देऊ केली आणि त्यांनी ती स्वीकारली. जागा ठरली, हुद्दा ठरला, बायकांचा विभाग होता. सगळं जमून आलं होतं.

त्या विभागाचं महत्त्व आपल्याला मस्कतमध्ये बसून चांगलं समजायला हरकत नाही. १९७० मध्ये सुलतान काबूस गादीवर येईपर्यंत या गावात रुग्णालय म्हणजे अमेरिकन मिशनचं. मत्राला डॉ. वेल्स थॉम्स होते, आणि त्याआधी १९१० च्या दशकापासून मस्कतमध्ये डॉ. सारा हॉस्मन या अमेरिकन बाई बायका-मुलांसाठी दवाखाना चालवत होत्या. कारण तेच, घरची बाई पुरुष डॉक्टरकडे जाणार नाही. तेव्हा ओमानात जन्मणाऱ्या हजार बाळांपैकी शंभराहून जास्त वर्षाच्या आत जात. १९७४ साली खौला हॉस्पिटल आलं, १९८७ मध्ये रॉयल हॉस्पिटल आलं, गावोगाव आरोग्य केंद्रं झाली, आणि तो आकडा आज दहाच्या आसपास आहे. ओमानी आजीला विचारलं तर ती नातवंडं मोजते, आणि तिची आई मात्र गेलेली बाळं धरून मोजायची. आम्ही सुरुवातीला ज्या खाजगी रुग्णालयात नाव नोंदवायला गेलो तिथे नवऱ्याला प्रसूतिकक्षात येऊ देत नव्हते, म्हणून दुसरं शोधलं. मी आत असायचा आग्रह माझा की सौ.चा, यावर घरात दोन मतं आहेत.

ऑक्टोबर १८८६ मध्ये आनंदीबाई आणि गोपाळराव न्यूयॉर्कहून निघाले आणि १६ नोव्हेंबरला मुंबईला उतरले. परदेशगमन केलेल्या बाईला लोक दारात उभं करतात की नाही अशी धास्ती होती, पण झालं उलटंच. स्वागत झालं, हार आले, भेटायला माणसं आली. ज्यांनी जाताना नावं ठेवली होती तेही आले असतील. डॉक्टरीणबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. क्षय. हवापालट, पथ्य, पुण्यात वैद्यांचे उपचार, सगळं झालं. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने १८८२ सालीच, म्हणजे आनंदी बोटीत बसायच्या वर्षभर आधी, शोधून काढला होता. पण त्याला मारणारं पहिलं औषध स्ट्रेप्टोमायसिन १९४० च्या दशकात आलं. कारण हाती, उपाय साठ वर्षं लांब. डॉक्टर असल्यामुळे स्वतःला काय झालंय आणि त्याचा शेवट काय हे त्यांना इतरांपेक्षा स्पष्ट कळत असणार.

२६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. मुंबईला उतरल्यापासून १०२ दिवस. बावीसावं वर्ष पुरं व्हायला महिना राहिला होता. कोल्हापूरच्या त्या विभागात त्यांनी एकही रोगी तपासला नाही, एकही बाळंतपण केलं नाही. त्यांच्यानंतर रखमाबाई राऊत विलायतेतून डॉक्टर होऊन आल्या आणि १८९५ पासून सुरतेत त्यांनी वर्षानुवर्षं बायकांचं हॉस्पिटल सांभाळलं. कोल्हापुरातही पुढे डॉ. कृष्णाबाई केळवकर उभ्या राहिल्या. आनंदीबाईंच्या मृत्यूनंतर पुढच्याच वर्षी अमेरिकेत कॅरोलाइन डॉल यांनी त्यांचं चरित्र इंग्रजीत छापलं, आणि मराठीत काशीबाई कानिटकरांनी लिहिलं. काशीबाईंचं पुस्तक मिळालं तर जरूर वाचा. बाईने बाईचं लिहिलेलं मराठीतलं ते आरंभीचं चरित्र आहे, आणि त्यात गोपाळराव सिनेमातल्याइतके सोज्वळ नाहीत.

आमच्या एक्सेलमध्ये बाळ जन्मल्यावर चोवीस तासांच्या आत करायच्या गोष्टींच्या चार ओळी आहेत. आईच्या छातीवर उघडं ठेवणे, पहिलं दूध, के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन, आणि लसी. लसींत एक बीसीजी आहे. ओमानात जन्मलेल्या बाळाला ती जन्मतःच टोचतात, भारतातही टोचतात. डाव्या दंडावर जो छोटा वण आपल्या सगळ्यांच्या असतो तो तिचाच. ती लहान मुलांना क्षयाच्या भयंकर प्रकारांपासून वाचवते. ती माणसाला पहिल्यांदा दिली गेली १९२१ साली, पॅरिसमध्ये, एका नवजात बाळाला. सिस्टरने वर्गात त्या ओळीवर अर्धं मिनिटही घालवलं नाही, इतकी ती गोष्ट नेहमीची झाली आहे.

गोपाळरावांनी आनंदीबाईंच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे अमेरिकेला पाठवल्या. बाईंनी त्या आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत, न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावी ठेवल्या. हडसन नदीच्या काठी, कार्पेंटर मंडळींच्या दगडांमध्ये एक दगड आनंदीबाई जोशींचा आहे, आणि शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री अशी नोंद त्यावर इंग्रजीत कोरलेली आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांचे भाऊ-बहिणी, मेहुणे न्यू जर्सीत एडिसन, पिस्कॅटवेच्या आसपास आहेत. तिथून गाडीने दोन तासांचा रस्ता आहे. पुढच्या वेळी त्यांच्याकडे गेलात तर नायगारा बघून झाल्यावर एक दिवस ठेवा.